कोडिंग अजिबात येत नाही, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, कोडिंग कधी केलेलं नाही, यूट्यूबवर व्हिडिओ बघून क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम यांच्या व्याख्या पाठ झाल्यात पण लॅपटॉप उघडला की काय टाइप करायचं तेच सुचत नाही. मी सांगलीत अडत पेढ्यांसाठी बिलं आणि पट्ट्या (शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा देतात तो कागद) काढायचं सॉफ्टवेअर लिहितो, नवीन येणाऱ्या पोरापोरींना हेच शिकवावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शिकता येईल, बी.कॉम. असल्यामुळे काही बिघडत नाही, उलट हिशोबाची सवय कामाला येते. फक्त व्याख्या आधी आणि प्रोग्राम नंतर हा क्रम बदला. आधी क्लास न वापरता एक खरा प्रोग्राम लिहा, तो वाढवत न्या, आणि कुठे गुंता होतो ते स्वतः बघा, कारण गुंता बघितल्याशिवाय क्लास कशासाठी आहे ते डोक्यात बसत नाही आणि मग माणूस नुसता कुत्रा-मांजर-प्राणी अशी उदाहरणं घोकत राहतो.

भाषा पायथन घ्या. कॉलेजात शिकवतात त्या जावात पहिल्याच दिवशी सगळं क्लासमध्ये गुंडाळून लिहावं लागतं, त्यातलं निम्मं समजायच्या आधी पाठ करावं लागतं, ते नवख्याला जड जातं. पायथन फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिली तरी चालतात, म्हणजे वजन, दर अशी नावं खुशाल द्या, फक्त इफ, फॉर वगैरे भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीत राहतात. व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी एवढं हाताला बसलं की मग क्लासकडे वळा. त्याआधी सांगलीतल्या विश्रामबागेत कुठल्या शिकवणीच्या क्लासला फी भरायची घाई करू नका.

आता खरं उदाहरण घेऊ. मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात, प्रत्येक लॉटला शेतकऱ्याचं नाव असतं, किलोत वजन असतं आणि सौद्यात निघालेला दर असतो, तो क्विंटलला. नवीन माणूस काय करतो, तीन लिस्ट करतो, एक नावांची, एक वजनांची, एक दरांची, आणि पहिलं नाव, पहिलं वजन, पहिला दर हे एका लॉटचं असं मनात धरतो. चालतं ते. मग पेढीचा मालक म्हणतो, जास्त दराचा लॉट वर येईल अशी यादी द्या. तुम्ही दरांची लिस्ट सॉर्ट करता, दर बरोबर लागतात, पण नावं आणि वजनं होती तिथंच राहतात. तासगावच्या माणसाचा दर आष्ट्याच्या माणसासमोर जाऊन बसतो. आणि पायथन एका शब्दाने कुरकुर करत नाही, एरर नाही, काही नाही, यादी छान दिसते आणि पट्टी चुकीची निघते. हे मुद्दाम करून बघा, पाच-सहा लॉट टाइप करा आणि सॉर्ट करा, कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

नाव, वजन, दर हे एकाच लॉटचं आहे तर ते एकत्रच हललं पाहिजे, क्लास एवढ्यासाठी असतो. छापलेली कोरी पट्टी असते ना, शेतकऱ्याचं नाव, वजन, दर असे रकाने असलेली, ती क्लास, आणि भरून शेतकऱ्याच्या हातात दिलेली प्रत्येक पट्टी हा ऑब्जेक्ट. लॉट नावाचा क्लास करा, त्यात __init__ मध्ये (इनिटच्या दोन्ही बाजूंना डबल अंडरस्कोर, ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारं फंक्शन) नाव, वजन, दर भरून घ्या, आणि रक्कम काढायचं फंक्शनही त्याच क्लासमध्ये लिहा. समजा ४५० किलो वजन आणि १४,००० रुपये क्विंटल दर, तर वजनाला १०० ने भागून दराने गुणायचं, ६३,००० रुपये. आता लॉटांची एकच लिस्ट राहते, सॉर्ट करताना दर कुठला धरायचा तेवढं सांगितलं की अख्खा लॉट हलतो, नाव कुठे सुटत नाही. वजन शून्य किंवा मायनस टाकलं तर घ्यायचं नाही हा नियमही तिथंच लिहा, लॉट तयार होतानाच तपासला जातो. एन्कॅप्स्युलेशनचं मूळ हेच आहे, माहिती आणि तिची राखण एका जागी.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती सेल्फवर, म्हणून इथं थांबून नीट बघा. पहिला लॉट, त्यापुढे डॉट, रक्कम आणि रिकामा कंस असं तुम्ही लिहिता, पण पायथन आतल्या आत लॉट क्लासमधलं रक्कम फंक्शन बोलावतं आणि पहिला लॉट त्याला कंसातलं पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला पुरवलेली माहिती, म्हणून देतं. तो आलेला लॉट ज्या नावाने धरायचा ते नाव म्हणजे सेल्फ, यापलीकडे त्यात जादू नाही. सेल्फ.वजन म्हणजे ज्या लॉटवर बोलावलं त्याचं वजन. फंक्शन लिहिताना त्याच्या कंसात सेल्फ लिहायला विसरलात तर ‘टेक्स झिरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन’ अशी एरर येते, आणि माणूस म्हणतो मी तर कंसात काहीच दिलं नाही मग एक आलं कुठून. तो एक म्हणजे लॉट स्वतः, पायथनने दिलेला. दोन्ही प्रकारे लिहून बघा, लॉटवर डॉट लावून आणि क्लासवर डॉट लावून कंसात लॉट देऊन, उत्तर तेच येईल.

इनहेरिटन्सची घाई नको, पण गरज कशी येते ते सांगतो. पेढीवर हळदीसोबत बेदाणाही येतो, आणि बेदाण्याचा दर किलोला निघतो. आता रक्कम फंक्शनमध्ये इफ हळद, इफ बेदाणा असं घालत बसलात तर उद्या तिसरा माल आला की परत तिथंच खोदकाम. त्यापेक्षा लॉटवरून हळदलॉट आणि बेदाणालॉट असे दोन क्लास करा, नाव-वजन-दर वरच्या लॉट क्लासकडून मिळतं, हेच इनहेरिटन्स, फक्त रक्कम दोघांची वेगळी, ३०० किलो बेदाणा १८० रुपये किलोने सरळ ५४,०००. दिवसाची बेरीज करणारा लूप प्रत्येकाला फक्त रक्कम विचारतो, माल कुठला ते त्याला बघावं लागत नाही. पॉलिमॉर्फिझम म्हणतात ते हेच, आणि एवढं मोठं नाव बघून घाबरायचं काही कारण नाही.

क्लास-ऑब्जेक्टची ही कल्पना आलीसुद्धा अशाच कामातून. नॉर्वेत ओस्लोच्या संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना रांगा, कारखान्यातली कामं असल्या खऱ्या गोष्टी कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या होत्या, त्यातून सिम्युला ६७ या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट आले, आणि २००१ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला मोठा मान, या दोघांना त्यासाठीच मिळाला. बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी या भाषेला क्लास जोडायला घेतले तेही सिम्युला वापरून बघितल्यावर, त्याचंच पुढे सी प्लस प्लस झालं. म्हणून मी म्हणतो की समोर खरा व्यवहार ठेवून शिका, तुमच्या घरचं दुकान असेल, डेअरी असेल तर ते घ्या.

लॉट जमला की पुढचं काम म्हणजे शेतकरी नावाचा क्लास, त्याच्याकडे स्वतःच्या लॉटांची लिस्ट, आणि पट्टी नावाचं फंक्शन जे सगळ्या लॉटांची रक्कम मिळवून हमाली, तोलाई वजा करेल. इथं एक जपा, लॉटांची रिकामी लिस्ट इनिटच्या आत सेल्फला लावा, वर क्लासमध्ये मोकळी लिहिलीत तर ती सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एकच होते आणि एकाचा लॉट जोडला की सगळ्यांच्या पट्टीत दिसायला लागतो. दोन शेतकरी तयार करा, एकालाच लॉट जोडा, दोघांची पट्टी प्रिंट करा, दुसऱ्याची शून्य आली पाहिजे.