पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांच्या दंतकथांतला अचाट करामती वीर म्हणजे ‘माउई’. या नावाचा अर्थ काय? ते कुठून आलं?

एका बेटापुरतं हे नाव नाही, पण खरी गंमत त्याच्या लांबलचक रूपात आहे. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी त्याला ‘माउई-तिकितिकी-आ-तारांगा’ म्हणतात. तिकितिकी म्हणजे डोक्यावरचा बुचडा. अर्थ असा : तारांगाच्या बुचड्यातला माउई. हे बाळ मेलेलं जन्मलं असं समजून तारांगाने आपल्या बुचड्याचे केस कापून त्यात त्याला गुंडाळलं आणि समुद्रात सोडलं. ते जगलं, आणि पुढे सगळ्यांना पुरून उरलं!

आता इतर बेटं बघा. सामोआत तो ‘तिइतिइ-आ-तालांगा’, टोंगात ‘माउई किसिकिसी’, हवाईत ‘माउई-आ-कालाना’. वेगळी वाटली तरी ही एकाच नावाची रूपं आहेत. सामोआत जुना ‘क’ गळाला, टोंगात ‘ति’चा ‘सि’ झाला, हवाईत ‘त’चा ‘क’ आणि ‘ङ’चा ‘न’ झाला. म्हणजे ही बेटं एकमेकांपासून दुरावण्याआधीच नाव रुळलेलं असणार. मात्र न्यूझीलंडमध्ये तारांगा ही आई, तर सामोआत तालांगा हा बाप!

‘माउई म्हणजे डावखुरा’ असंही कोणी सांगतं. माओरीत ‘डावा’ या अर्थाचा शब्द आहे खरा, पण त्यात शेवटचा ‘ई’ दीर्घ. या नावात ‘मा’ दीर्घ. तिथे ऱ्हस्व-दीर्घाने शब्दच बदलतो, त्यामुळे मला तरी ही व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाचं माओरी नाव ‘ते इका-आ-माउई’, म्हणजे माउईचा मासा. त्यानेच तो गळाला लावून वर ओढला म्हणे.