ब्रश झाल्यावर चूळ किती वेळा भरायची?

प्रश्न : माझं वय ५८. दिवसातून दोनदा ब्रश करते, पेस्टही फ्लोराइडची आहे. तरी हिरडीलगत दोन दात किडले. ब्रश झाला की जीभ घासते, खाकरून चार-पाच चुळा भरते आणि लगेच चहा घेते. चुकतंय कुठे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : चूक त्या चार-पाच चुळांत आणि लगेचच्या चहात आहे. ब्रश फिरवताना पेस्टमधलं थोडंच फ्लोराइड दातावर बसतं. बरंचसं लाळेत, जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला आणि दातांवरच्या चिकट थरात राहतं आणि पुढचे एक-दोन तास कामी येतं. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. त्या वेळी जवळपास फ्लोराइड असेल तर झीज कमी होते आणि सुटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात बसायला मदत होते. खळखळून चुळा भरल्या की हा साठा बेसिनमध्ये जातो.

तुम्हाला त्याची गरज जास्तच आहे. वयाबरोबर हिरड्या सरकून दातांची मुळं उघडी पडतात. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे पीएच ६ च्या वर असतानाही ते झिजायला लागतं. हिरडीलगतची कीड बहुतेकदा तिथलीच. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर तेही दंतवैद्यांना जरूर सांगा.

क्रम बदला. जीभ घासणं, खाकरणं, दातांच्या फटीत दोरा फिरवणं, पाण्याने तोंड धुणं, हे सगळं आधी उरका. मग मऊ ब्रशवर पेस्ट घेऊन दोन मिनिटं घासा, हिरडीची कड सोडू नका. शेवटी फेस नीट थुंका, दोन-तीनदा थुंका, ओठ पुसा आणि थांबा. चूळ नको. तोंडात पेस्टची चव राहते, आठवडाभरात तिची सवय होते. अगदीच सहन होत नसेल तर दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली पाणी घ्या, उरलेल्या फेसासकट मिनिटभर तोंडात घोळवा आणि थुंका. पुन्हा पाणी नको.

त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. सकाळी लोकल गाठायची घाई असेल तर उठल्या उठल्या ब्रश करा. आंघोळ आणि डबा होईपर्यंत वेळ भरून निघतो. रात्रीचा ब्रश मात्र कधीच चुकवू नका. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून फ्लोराइड जास्त वेळ टिकतं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, पेस्ट गिळतो. सुट्टीत आम्ही यवतमाळजवळच्या गावी जातो, तिथे बोअरचं पाणी. त्याला फ्लोराइडची पेस्ट द्यावी का?
— एक पालक, भांडुप

उत्तर : द्या, पण मटाराच्या दाण्याएवढीच आणि ती ब्रशवर तुम्ही लावा. १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) पेस्टमध्ये ग्रॅमला १ मिलीग्रॅम फ्लोराइड असतं. मटाराएवढ्या पेस्टमध्ये सुमारे पाव मिलीग्रॅम. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. मान थोडी खाली वाकवून थुंकायला शिकवा, राहिलेला फेस ओल्या कपड्याने टिपा. सतत गिळत राहिला तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात.

गावच्या पाण्याकडे मात्र नक्की लक्ष द्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. बोअरची तपासणी करून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं.

प्रश्न : ब्रशनंतर फ्लोराइडचं माउथवॉश वापरलं तर दुप्पट फायदा होईल ना?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही. रोजच्या वापराच्या माउथवॉशमध्ये साधारण २२५ पीपीएम फ्लोराइड असतं, पेस्टमध्ये १०००. जास्तीचं धुऊन तुम्ही कमीचं ठेवता. वापरायचंच तर दुपारच्या जेवणानंतर वापरा. आयुर्वेदिक पेस्ट घेत असाल तर ट्यूबवर सोडियम फ्लोराइड, स्टॅनस फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट लिहिलंय का ते वाचा. यातलं एकही नाव नसेल तर त्या पेस्टने फ्लोराइड मिळत नाही, मग चूळ भरा वा भरू नका.