काकांना पहिल्यांदा बाहेर नेताना

अगं, काकांना व्हीलचेअरवरून बाहेर नेणार आहेस ना? मग पहिल्याच रविवारी नाशिकच्या पांडवलेणीचा घाट घालू नकोस. तिथं पायऱ्याच पायऱ्या आहेत. रामकुंडही वरूनच दाखव, खाली घाटाच्या पायऱ्या आहेत. त्यापेक्षा गोदापार्कला जा; पण आदल्या दिवशी स्वतः एक चक्कर मारून ये. ‘रॅम्प आहे’ एवढ्या शब्दावर विसंबू नकोस. पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी निदान 180 सेंटीमीटर लांब उतार लागतो. पुष्कळ ठिकाणी नुसती फळी टेकवलेली असते. उतार तीव्र असेल तर व्हीलचेअर पाठमोरी करून, मागे मागे जात उतरव. आणि काकांना उठवण्याआधी ब्रेक लाव, पायठेवणी वर कर.

काकांना मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) आहे ना? अंग तापलं की नसांमधून संदेश नीट जात नाहीत, हातपाय आणखी जड होतात. म्हणून सकाळी सातलाच निघा, गार पाण्याची बाटली आणि ओला पंचा बरोबर ठेव.

मिसळ खायला गेलात की वेटर तुलाच विचारतो, “यांना काय आणू?” तू उत्तर देऊ नकोस. काकांकडे बघ. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो, तेवढा लागू दे. ज्यांना मी असंच बाहेर नेलं होतं त्या आजोबांनी असंच थांबत थांबत सांगितलं होतं, “तर्री जास्त.”