‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असा प्लॅन घेतलाय. सकाळी ९० येतो, रात्री २० सुद्धा येत नाही. कंपनी फसवते का?

टेलिफोनच्या तारांवर ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १२ ब्रॉडबँडच्या तक्रारी निस्तरण्यात गेली. त्यामुळे ‘फसवते का’ हे शब्द दिसले की राहवत नाही.

बहुतेक वेळा फसवत नाही. प्लॅनवर ‘पर्यंत’ छापलंय ना, ते वाचा. तुमच्याकडे फायबर असणार. कंपनीच्या एका पोर्टवरचे (जिथून तुमच्या भागाची फायबर निघते ती जागा) अडीच गिगाबिट, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस, साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकदम ओढायचं ठरवलं तर वाट्याला जेमतेम ३९ येतात. सकाळी लोक अंघोळी-डब्यांत असतात, रात्री नऊला अख्खी गल्ली मॅच लावून बसते. स्वस्तात नेट मिळतं ते या वाटपामुळेच. एकट्यासाठी वेगळी लाइन हवी तर लीज्ड लाइनचा भाव विचारून बघा, घाम फुटेल.

पण कमी-जास्त होणारा स्पीड म्हणजे काय, हे तांब्याच्या तारेवर काम केलेल्याला विचारा.

२०११ चा पावसाळा. आमचा मेव्हणा चिपळूणच्या जरा बाहेर राहतो. त्याने ‘८ पर्यंत’चा प्लॅन घेतला होता आणि येत होता २. जेवायला बसलं की सुरू : “भावोजी, पैसे आठचे घेता आणि देता दोन. तुमच्या एक्स्चेंजमध्ये कोणीतरी बटण पिरगाळून ठेवलंय.” सासुरवाडीत, चारचौघांत.

बटण वगैरे काही नसतं. मोडेम चालू झाला की एक्स्चेंजमधल्या डीस्लॅमशी (तारेवर ब्रॉडबँड सोडणारं यंत्र) बोलतो. तारेवर कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती खरखर आहे ते दोघं तपासतात आणि झेपेल तेवढा वेग धरतात. आम्ही फक्त वरची मर्यादा लावतो, आणि त्याची ८ लाच होती. त्याचं घर एक्स्चेंजपासून सरळ मोजलं तर दीड किलोमीटर, पण केबल पिलरवरून (रस्त्याकडेचं जोडणीचं कपाट), मग डीपीवरून (घराजवळची जोडणीची छोटी पेटी) वळसे घेत जाते, ती साडेतीनच्या आसपास भरली. मोडेमच्या पानावर अटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला ते) ४६ डेसिबल दिसत होतं. एवढ्या अंतरावर ५ मिळाला तरी देवाला नारळ द्यावा. मी तसं सांगितलं, तर म्हणाला, “तुम्ही तुमच्या खात्याचीच बाजू घेणार.”

मग मात्र मी रविवारी पक्कड घेऊन गेलो. डीपीवर तारांची जोडी चांगली होती. तिथून घरापर्यंतची ड्रॉप वायर चांगली. घरात शिरलो आणि कपाळावर हात मारला. रंगकाम काढलं तेव्हा याने सासूबाईंसाठी स्वयंपाकघरात जोड-फोन घेतला होता. विजेच्या उरलेल्या वायरने, वायरमनकडून, नुसता पीळ मारून. वर चिकटपट्टी. जोड हिरवा पडलेला. त्या फोनला स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) नाही, म्हणून घंटा वाजली की नेट पडायचं. असा फाटा काढला की सिग्नल त्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलचीच वाट लावतो.

फाटा तोडला, रोझेट (भिंतीवरची फोनची डबी) बदललं, मोडेम पुन्हा चालू केला. ५.२.

मेव्हणा काय म्हणाला असेल? “बघा, तुम्ही इथे आलात म्हणून तिकडून वाढवला!” आणि सासूबाईंचा फोन गेला त्याचा राग माझ्यावर, तो वेगळाच. अजून दिवाळीला विषय निघतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, आधी स्वतःचं घर तपासा. मोबाइलवरची वायफाय टेस्ट मला दाखवू नका. लॅपटॉपला लॅन केबल लावा, बाकी सगळं बंद करा, सकाळी सातला आणि रात्री दहाला मोजा, आठवडाभर वहीत लिहा. कोकणात जांभ्याची जाड भिंत मध्ये आली की वायफाय निम्म्यावर येतं. त्यात कंपनीचा काय दोष? राउटर टीव्हीमागे कपाटात कोंडणारे तर मला रोज भेटतात. माझ्या नात्यातही आहेत.

आता एक कबूल करतो, नाहीतर कोणी जुना ग्राहक खाली येऊन बोलेल. सगळा दोष घरातच असतो असं नाही. त्याच पावसाळ्यात नंतर जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं आणि मेव्हण्याचा ५ चा दीड झाला. ते काम आमचं होतं आणि त्याला ११ दिवस लागले. तुमच्याकडेही वायर लावून रोज रात्री २० च येत असेल, तर कंपनीने झेपेल त्याहून जास्त घरं एका पोर्टवर कोंबली असतील किंवा बाहेरून बँडविड्थ (इंटरनेटची क्षमता) कमी घेतली असेल. वहीतले आकडे देऊन लेखी तक्रार करा, नंबर घ्या. आणि महिन्याची डेटा मर्यादा संपलीय का तेही बघा. मात्र ती संपली असती तर सकाळीही ९० आला नसता.

आणि १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, शंभर नव्हे. तुम्हाला ठाऊक असेलच. मेव्हण्याला अजून पटलेलं नाही.