पोपकडे ना मोठी फौज, ना मोठं राज्य. तरी राजे त्याला एवढे का घाबरायचे?

तुमचा प्रश्न असा की, पोपने नुसतं वाळीत टाकलं म्हणून जर्मन राजा हेन्री चौथा भर थंडीत इटलीतल्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस अनवाणी उभा राहिला, म्हणजे त्या काळी माणसं इतकी अंधश्रद्ध होती का?

श्रद्धा होतीच, आणि ती खरी होती. पण जानेवारी 1077 मध्ये हेन्री कानोसाला गेला तो मुख्यतः पोपच्या भीतीने नव्हे. तो स्वतःच्या सरदारांना घाबरून गेला होता.

आधी मूळ भांडण. जर्मनीतला बिशप म्हणजे नुसता धर्मगुरू नव्हे. त्याच्याकडे अफाट जमिनी, बाजार, जकात, कुठे कुठे नाणी पाडायचा हक्क आणि राजाने बोलावलं की घोडेस्वार पाठवायची जबाबदारी. राजालाही सरदारापेक्षा बिशप सोयीचा वाटे, कारण सरदार मेला की त्याचा मुलगा जहागिरीवर हक्क सांगत येतो आणि बिशपला वारस नसतो. (निदान कायद्याने. प्रत्यक्षात तेव्हाचे कितीतरी पाद्री बायकामुलांसह राहत, आणि त्यावरूनही रान पेटलेलंच होतं.) बिशपची जागा रिकामी झाली की राजा मर्जीतल्या माणसाच्या हाती अंगठी आणि धर्मदंड ठेवी. झाली नेमणूक!

रोममधल्या सुधारकांना हेच नको होतं. 1073 मध्ये पोप झालेला ग्रेगरी सातवा त्यांतला सगळ्यात कडवा. 1075 च्या त्याच्या पत्रांच्या नोंदवहीत 27 कलमं सापडतात. पोप सम्राटाला पदावरून काढू शकतो, दुष्ट राज्यकर्त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं करू शकतो, असं त्यात सरळ लिहिलंय. त्याच वर्षी हेन्रीने इटलीतल्या मिलानच्या आर्चबिशपपदावर (म्हणजे मुख्य बिशपच्या जागेवर) आपला माणूस बसवला आणि ठिणगी पडली. जानेवारी 1076 मध्ये वर्म्स या जर्मन शहरात जमलेल्या जर्मन बिशपांसह राजाने पोपलाच गादी सोडायला सांगितलं. महिनाभरात ग्रेगरीने राजाला धर्मबहिष्कृत केलं आणि प्रजेला त्याच्या शपथेतून मोकळं केलं.

खरी मेख या शपथेत आहे. पगारी सैन्य नाही, पोलीस नाहीत, गावोगावी अंमलदार नाहीत. राज्य उभं होतं ते माणसाने माणसाला दिलेल्या शपथांवर. ती शपथ मोडणं हे पाप. आता पोपने सांगितलं की मोडा, पाप लागणार नाही.

आणि ती मोडायला टपून बसलेले लोक होतेच. सॅक्सनीत हेन्रीने बांधलेल्या किल्ल्यांवरून 1073 मध्ये बंड झालं होतं, ते त्याने 1075 च्या लढाईत चिरडलं होतं. जखम ताजी होती. दक्षिणेतले ड्यूक, म्हणजे बडे सरदारही, राजावर नाराज. ऑक्टोबर 1076 मध्ये ही मंडळी ट्रिबुरला जमली आणि ठरवलं की बहिष्काराला वर्ष व्हायच्या आत राजाने तो उठवून आणला नाही, तर आम्ही दुसरा राजा निवडू. शिवाय फेब्रुवारीत ऑग्सबर्गला निवाडा करायला खुद्द पोपलाच आमंत्रण!

पोप आणि सरदार एका छताखाली आले की आपण संपलो, हे हेन्रीने ओळखलं. म्हणून तो बायको आणि लहान मुलाला घेऊन ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून गेला. दक्षिणेतल्या ड्यूकनी सोयीचे घाट अडवल्यामुळे त्याला बर्गंडीकडून वळसा घ्यावा लागला. राणीला बैलाच्या कातड्यावर बसवून बर्फावरून खाली ओढत नेलं, असं लाम्पर्ट नावाचा एक साधू लिहितो. तो हेन्रीचा विरोधक आणि गोष्ट रंगवून सांगण्यात पटाईत, तेव्हा ते जरा जपूनच घ्यावं. अनवाणी तीन दिवसांची हकीकत मात्र खुद्द ग्रेगरीच्या पत्रात आहे. आपल्याच भोवतालचे काही लोक आपल्याला जुलमी आणि क्रूर म्हणू लागले, हेही त्याने त्यात कबूल केलंय. बिचारा पोपच कोंडीत सापडला होता: दारात पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा नाकारणारा धर्मगुरू कसला? किल्ल्याची मालकीण माटिल्डा आणि हेन्रीचा धर्मपिता, क्लूनीचा मठाधिपती ह्यू, यांनी मध्यस्थी केली आणि बहिष्कार उठला.

पुढे जे झालं त्याने माझा मुद्दा पक्का होतो. बहिष्कार उठूनही मार्चमध्ये सरदारांनी रुडॉल्फ नावाचा दुसरा राजा निवडलाच. म्हणजे त्यांना निमित्तच हवं होतं. 1080 मध्ये ग्रेगरीने हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केलं, पण या वेळी बार फुसका निघाला. हेन्रीने स्वतःचा वेगळा पोप उभा केला. त्याच वर्षी लढाईत रुडॉल्फचा उजवा हात तुटून तो मेला, आणि ज्या हाताने राजाला शपथ दिली तोच देवाने तोडला, असं लोक म्हणू लागले. श्रद्धा तीच, फक्त आता ती राजाच्या बाजूने बोलत होती! 1084 मध्ये हेन्रीने रोम घेतलं आणि पुढच्या वर्षी ग्रेगरी सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारला.

सामान्य माणसाचं काय, हे बहुतेक उत्तरांत राहून जातं. मिलानमध्ये 1050 नंतरच्या दशकात ‘पातारिया’ नावाची चळवळ उभी राहिली. पैसे देऊन पद घेतलेल्या, बायका ठेवलेल्या पाद्र्यांच्या हातचे विधी घेणार नाही, असं शहरातले लोकच म्हणू लागले. रोमच्या सुधारकांनी त्यांना पाठबळ दिलं. दुसरीकडे वर्म्सच्या नागरिकांनी 1073 मध्ये आपल्या बिशपला हाकलून अडचणीतल्या हेन्रीला वेशीत घेतलं आणि 1074 मध्ये त्याबदल्यात जकातमाफी मिळवली; त्या सनदेत शहरातल्या ज्यूंचाही स्पष्ट उल्लेख आहे. वरचे दोघे भांडत असताना शहरं आपापलं पदरात पाडून घेत होती.

राजा आणि पोप यांच्यातल्या 1122 च्या वर्म्स करारात अंगठी आणि दंड चर्चकडे गेले, जमिनीचे हक्क राजाने राजदंड देऊन द्यायचे ठरले. मला विचाराल तर खरे जिंकले जर्मन सरदार. पन्नास वर्षांत राजा निवडणं आणि पाडणं त्यांच्या अंगवळणी पडलं.

उलट उदाहरण हवं तर फ्रान्सचा फिलिप चौथा बघा. 1302 मध्ये पोप बोनिफेस आठव्याशी वाजलं तेव्हा त्याने सरदार, धर्मगुरू आणि शहरांचे प्रतिनिधी पॅरिसला बोलावून आधी आपल्या पाठीशी उभे केले. पोप बहिष्काराचा हुकूम काढणार, त्याच्या आदल्याच दिवशी, सप्टेंबर 1303 मध्ये, राजाच्या माणसांनी इटलीतल्या अनान्यी गावी जाऊन पोपलाच धरलं. गावकऱ्यांनी त्याला सोडवलं खरं, पण साधारण महिन्याभराने तो वारला. फिलिपला कुठे अनवाणी उभं राहावं लागलं नाही.