पूल नसता तर लोकांनी काय केलं असतं?

तुमचा प्रश्न असा आहे: एखाद्या पुलाचं किंवा महामार्गाचं आर्थिक मूल्य कसं मोजतात, आणि बांधकामाचा खर्च व टोलची वसुली ताडून पाहिली की भागतं का?

नाही भागत. खर्चावरून पूल कितीला पडला ते कळतं आणि टोलवरून चालवणाऱ्याच्या हाती किती आलं ते. लोकांच्या पदरात काय पडलं, हे दोन्हींत दिसत नाही. ही गोष्ट नीट मांडली ती ज्यूल द्यूप्युई या फ्रेंच अभियंत्याने, १८४४ साली. टोल भरणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्याहून जास्तही भरले असते. ती न भरलेली रक्कम हासुद्धा पुलाचा लाभच, असं त्याचं म्हणणं.

हिशेब करूनच बघू. आकडे सोयीचे घेतलेत, चलन कुठलंही धरा. आज वळसा घालून पलीकडे जायला पैसे, वेळ, दगदग सगळं मिळून १०० खर्च येतो आणि रोज १००० फेऱ्या होतात. पूल झाल्यावर खर्च ६० वर येतो आणि फेऱ्या १६०० होतात. जुन्या १००० फेऱ्यांचे प्रत्येकी ४० वाचले, म्हणजे ४०,०००. नव्या ६०० फेऱ्यांना मात्र पूर्ण ४० धरायचे नाहीत. त्यातल्या काही १०० ला थोडक्यात परवडत नव्हत्या, तर काही ६० ला कशाबशा परवडल्या. म्हणून सरासरी निम्मे, २० धरतात. ते झाले १२,०००. एकूण ५२,०००, आणि टोल शून्य!

आता २० टोल लावा. खर्च ८०, फेऱ्या साधारण १३००. टोलची वसुली २६,००० आणि प्रवाशांकडे उरलेला लाभ २३,०००. बेरीज ४९,०००. मधले ३,००० कुणालाच मिळाले नाहीत. टोलमुळे ज्या ३०० फेऱ्या झाल्याच नाहीत, त्यांच्याबरोबर ते गेले. वसुलीच्या वहीत ही तूट कधीच दिसत नाही.

यातली खरी मेख '१००' या आकड्यात आहे, म्हणजे पूल नसता तर काय झालं असतं यात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या रेल्वेचं. आर्थिक इतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ मध्ये विचारलं, १८९० साली रेल्वे नसतीच तर? लोक हातावर हात ठेवून बसले नसते, कालवे वाढवले असते, घोडागाड्यांचे रस्ते सुधारले असते. त्या हिशेबाने शेतमालाच्या वाहतुकीत रेल्वेमुळे झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांहूनही कमी निघाली. पुढे २०१६ मध्ये डोनाल्डसन आणि हॉर्नबेक या अर्थतज्ज्ञांनी तोच प्रश्न उलट्या बाजूने घेतला. कुठल्या भागाला किती बाजारपेठ गाठता येत होती हे त्यांनी मोजलं, आणि रेल्वे काढून टाकली तर शेतजमिनीचं मूल्य सुमारे ६० टक्क्यांनी घसरलं असतं, असं उत्तर आलं. दोन्ही टक्केवाऱ्या वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत, त्या शेजारी ठेवून भांडण लावू नका. मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण एका मार्गाचा परिणाम सगळ्या जाळ्यावर होतो, हे ती लक्षात घेते.

डोनाल्डसन यांचंच ब्रिटिश काळातल्या भारतीय रेल्वेवरचं कामही बघण्यासारखं आहे. मीठ मोजक्याच ठिकाणी तयार होई. त्यामुळे उत्पादनाच्या जागचा भाव आणि दूरच्या बाजारातला भाव यातल्या फरकावरून वाहतूक किती महाग पडत होती ते काढता आलं. रेल्वे पोचली त्या भागांचं उत्पन्न वाढलेलं दिसलं. पण शंका यायला जागा होती की रेल्वे मुळातच भरभराटीच्या भागात नेली असेल. त्यासाठी आखलेले पण कधीच न बांधलेले मार्ग त्यांनी तपासले. तिथे उत्पन्नात तशी वाढ दिसली नाही. वाहतुकीच्या अभ्यासात इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

प्रकल्पांचे अहवाल वाचताना मला सगळ्यात जास्त खटकतो तो दुहेरी हिशेब. आधी वाचलेल्या वेळेचे पैसे धरायचे, मग रस्त्यालगतच्या जमिनीचे वाढलेले भावही त्यात मिळवायचे. जमीन महागते ती बहुतांशी तिथून जाणंयेणं सोपं झालं म्हणूनच. तोच लाभ जमीनमालकाच्या खिशातून पुन्हा मोजला जातो. रोजगाराचंही तसंच. कारखाना शेजारच्या जिल्ह्यातून इकडे सरकला, तर देशाच्या हिशेबात नवं फारसं काही आलेलं नसतं. आणि रस्ता रुंद केला की काही वर्षांत नवी वाहनं येऊन तो पुन्हा भरतो. तेव्हा पहिल्या वर्षी वाचलेली मिनिटं पुढची ३० वर्षं तशीच वाचत राहतील असं धरणं म्हणजे बाजारात तुरी.

अंदाजांवर किती भिस्त ठेवायची? मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्ल्यूबियर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वाहतुकीचे २५८ प्रकल्प तपासले, तेव्हा १० पैकी जवळजवळ ९ प्रकल्पांत खर्च अंदाजाबाहेर गेलेला होता. रेल्वेच्या प्रकल्पांत सरासरी ४५ टक्के जास्त. म्हणून अहवाल हातात आला की मी लाभ-खर्चाचं गुणोत्तर शेवटी बघतो. आधी 'प्रकल्पाविना' परिस्थिती कशी गृहीत धरली आहे ते शोधतो. तिथे 'काहीही केलं नाही तर' एवढंच असेल, आणि सिग्नल सुधारणं किंवा बस वाढवणं असे स्वस्त पर्याय तपासलेच नसतील, तर पुढचे आकडे कितीही चोख असले तरी मी ते जमेस धरत नाही.