लग्नाच्या कामासाठी सोनीचा ए7 थ्री कॅमेरा सेकंडहँड घ्यावा की ए7 फोर नवा?
फोटोच जास्त अन् व्हिडिओ नावापुरता असेल, तर 2018 चा ए7 थ्री खुशाल घ्या. अल्बमला 24 मेगापिक्सेल भरपूर झाले. लातूरकडच्या मंगल कार्यालयातल्या मिणमिणत्या उजेडातही दोघांत डोळ्यात भरेल असा फरक नाही. बॅटरी एकच, लेन्स त्याच. उरलेल्या पैशांत 85 एमएमची लेन्स बघा, नवऱ्या-नवरीच्या फोटोंत फरक तीच पाडते.

व्हिडिओच्या ऑर्डरी घेत असाल तर मात्र 2021 चा ए7 फोर. 10 बिट रंग (म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटा), व्हिडिओतही डोळ्यावर फोकस, बाजूला उघडून फिरणारा स्क्रीन. हळदीचा पिवळा रंग ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग सुधारताना) ए7 थ्रीच्या 8 बिटला लवकर फाटतो हो! फक्त सेकंदाला 60 फ्रेमच्या 4के व्हिडिओला चित्र कडेनं कापलं जातं, आणि 33 मेगापिक्सेलच्या फाइली हार्डडिस्क खातात.

जुना घेताना शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.